बापाचा रकाना

रक्ताची नळी हातात घेण्याआधी अंबुजाबाई एकच प्रश्न विचारत. नळी आणणारा शिपाई असो, जिल्ह्याचा डॉक्टर असो की पीएच.डी. करणारी मुलगी असो, त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "बाप कोण?" समोरचा तमिळ असला तर "अप्पन यारु?" उत्तर मिळेपर्यंत त्यांचा हात पुढे येत नसे. नळी धरणारा तसाच अवघडून उभा. नव्या माणसाला वाटे, ही बाई आपला अपमान करते आहे. प्रश्न बोकडाबद्दलचा आहे हे थोड्या वेळानं कळे. त्यांच्याकडे प्रत्येक नमुन्यासोबत एक पिवळा कागद असायचा. त्यावर गाव, मालक, वय, रंग, आई आणि बाप असे रकाने. आईचा रकाना सहसा भरून यायचा, कारण शेळी दारात बांधलेली असते. सगळं अडायचं ते बापाच्या रकान्यापाशी.

त्या चेन्नईतल्या आमच्या संस्थेत पशू-आनुवंशिकी विभागाच्या प्रमुख होत्या. मी तिथे पीएच.डी.साठी गेले तेव्हा एकतीस वर्षांची होते. नवऱ्याची नोकरी वेलचेरीजवळच्या एका कंपनीत, मुलगी ईरा दोन वर्षांची, आणि मला तमिळ म्हणून येत होतं ते भाजीवाल्यापुरतं. मुलाखतीला मी इंग्रजीतून पाठ केलेली चार वाक्यं बोलले. अंबुजाबाईंनी माझा अर्ज खाली ठेवला.

"तूं महाराष्ट्रांतली ना? मग मराठींत बोल की. इंग्रजी ऐकून ऐकून माझे कान शिणले."

मी बघतच राहिले. कपाळाला विभूतीची बारीक रेघ, अंगावर सुंगुडी साडी, आणि तोंडात मराठी. त्यांचं घराणं तंजावरचं. कधीतरी कुठल्या तरी राजाबरोबर पूर्वज दक्षिणेत उतरले आणि तिथलेच झाले. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता. 'सगळे' या शब्दाला त्या 'अस्के' म्हणत, छानला 'बेश', नकोला 'नोको'. पुण्या-मुंबईची मराठी त्यांना फार घाईची वाटे. "तुम्ही लोक शब्द गिळतां. कुणी हिसकावून घेणार आहे काय?" असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या.

कामातही त्यांना घाई खपत नसे. कोणी धावपळ करताना दिसलं की त्या म्हणत, "घाई जाली तर काफी पी. काम करूं नोको." आणि खरोखरच त्या माणसाला खाली कॉफी प्यायला पाठवत.

आमचं काम बोकडांच्या एका जनुकावर होतं. नराचे शुक्रजंतू तयार होण्यात त्या जनुकाचा हात असतो. जनुक म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ. तिच्यात एका जागी काही बोकडांमध्ये एक अक्षर असतं, काहींमध्ये दुसरं. कुठल्या जातीत कुठलं अक्षर जास्त आढळतं आणि त्याचा बोकडाच्या प्रजननक्षमतेशी काही संबंध आहे का, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. एका बाजूला इथली कन्नी जात, काळीभोर, तोंडावर दोन्ही बाजूंना उभे पट्टे असलेली. दुसऱ्या बाजूला उस्मानाबादी, म्हणजे माझ्याच जिल्ह्याची. बार्शी रस्त्याला शाळेत जाताना ज्या शेळ्यांना मी हाकलत आले, त्यांचं रक्त आता मी चेन्नईत बर्फात जपत होते. संस्थेच्या आवारात बोकडांची एक शेड होती. वारा एन्नोरच्या औष्णिक वीजकेंद्राकडून सुटला की बोकडांच्या पाठीवर राखेची बारीक भुकटी बसायची. अंबुजाबाई रोज सकाळी शेडमधून चक्कर मारून मगच वर यायच्या. पदराच्या टोकानं एखाद्या बोकडाची पाठ पुसताना मी त्यांना पाहिलं आहे.

"शेळी खोटं बोलत नाहीं, शुभा. कागद बोलतो. मणून कागदाला दोनदा विचारायचं," त्या म्हणत.

माझी चूक त्या कागदापाशीच झाली. तेव्हा मला ती चूक वाटलीही नाही.

कन्नी बोकडांचे बरेचसे नमुने आम्ही गावोगावच्या कळपांतून घेतले होते, पण ते पुरेसे नव्हते. दक्षिणेकडे शेळ्यांचं एक पैदास केंद्र होतं. तिथे कन्नी बोकड एकाच जागी भरपूर मिळणार होते. अंबुजाबाईंनी, म्हणजे आमच्या मॅडमनी, मला एकटीला पाठवलं. दोन दिवस मी रक्त घेतलं, केंद्रातल्या डॉक्टरनं प्रत्येक बोकडाच्या वीर्याची तपासणी करून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याचा फोन आला, ईराला ताप चढला होता आणि ती माझं नाव घेऊन रडत होती. पिवळे कागद भरायचे राहिले होते. बापाची नोंद पैदास रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टर कपाटात. कपाटाची किल्ली असलेले कारकून जेवायला गेले होते. "अर्ध्या तासात येतील," शिपाई म्हणाला. अर्धा तास थांबले असते तर गाडी चुकली असती. मी प्रत्येक कागदावर बापाच्या रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं, ईराच्या तापाचं मॅडमना फोनवर कळवलं आणि स्टेशन गाठलं.

चेन्नईला परत आल्यावर मी नळ्यांचा डबा मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"बाप कोण?"

"केंद्रात रजिस्टर नाही, मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन दिवस झोपले नव्हते, केसही विंचरले नव्हते. "लेकराचा ताप उतरला काय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग त्यांनी हात पुढे केला आणि डबा घेतला. उत्तराशिवाय त्यांनी नमुना घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला फार बरं वाटलं.

निकाल असा आला की विभागात पेढे वाटले गेले. कन्नी बोकडांमध्ये दुसरं अक्षर पुष्कळ होतं, उस्मानाबादीत जवळजवळ नव्हतं. आणि ज्यांच्यात ते होतं त्यांचे शुक्रजंतू जास्त चपळ होते. आमचा निबंध छापून आला. मॅडमचं नाव राज्याच्या एका पुरस्कारासाठी पुढे गेलं. माझा प्रबंध निम्मा लिहून झाल्यासारखाच होता. आणि निबंध छापून वर्ष व्हायच्या आत, त्या निकालावरून एक सरकारी योजना आखली गेली. कन्नी शेळ्यांचे कळप नोंदवायचे, बोकडांचं रक्त तपासायचं, चांगल्या अक्षराचे बोकड पैदाशीला ठेवायचे, बाकीचे खच्ची करायचे. नोंदणी झालेल्या कळपांना लसी आणि औषधं मिळणार होती, त्यामुळे पुष्कळ मालक तयार झाले.

मॅडमना ही घाई आवडली नव्हती. "अजून थोडे दिवस थांबा," असं त्यांनी बैठकीत सांगितल्याचं मला ठाऊक आहे. पण त्यांचाच निकाल त्यांच्यापुढे ठेवला गेला, आणि त्या गप्प बसल्या.

योजना सुरू झाल्यावर काही महिन्यांनी आम्ही दोघी पुढचे नमुने घ्यायला कोविलपट्टीच्या बाजूला गेलो. काळी माती, दूरवर काटेरी झुडपं, मधूनमधून आगपेट्यांचे कारखाने. तिथल्या एका वाडीत पेच्चियम्माळ नावाच्या बाईचा कन्नींचा कळप होता. साठीची असेल, कानांच्या पाळ्या लोंबलेल्या, आवाज रानात हाका मारून मारून घोगरा झालेला. तिचा बोकड पाहायला आम्ही आलो होतो. तो गोठ्याच्या कडेला बांधलेला होता, धिप्पाड, पट्टे अगदी रेखीव.

"याचं रक्त घ्यायचं?" पेच्चियम्माळ म्हणाली. "घ्या. आता त्याचा उपयोग तेवढाच. तुमच्या माणसांनी गेल्या महिन्यात त्याला खच्ची केला."

मॅडमनी विचारलं, "का?"

"तुमच्या यंत्रात त्याचं रक्त नापास झालं म्हणे. मी सांगत होते, याच्याकडची एक शेळी कधी रिकामी राहिली नाही. चार वर्षं. माझ्या कळपाला विचारा. पण त्यांनी कागद दाखवला. लस पाहिजे तर हे करावं लागेल म्हणाले." तिनं बोकडाच्या मानेवरून हात फिरवला. "दोन दिवस तो चरायला गेला नाही."

मॅडम बोकडाजवळ उकिडव्या बसल्या. त्यांनी त्याच्या मागच्या पायांना हात लावून पाहिलं आणि हळूच काढून घेतला. मग विचारलं, "पास झालेले बोकड कसे असतात, तुम्ही पाहिलेत?"

"मी काय पाहायचं? ते माझ्याच घरचे." पेच्चियम्माळला हसू आलं. "केंद्रवाल्यांनी माझा एकशिंग्या बोकड नेला होता, फार वर्षांपूर्वी. तिथे जे कन्नी बोकड उभे आहेत, ती सगळी त्याचीच पोरं. नाकाडावरून ओळखू येतात. केंद्रातल्या म्हाताऱ्या गड्याला विचारा. एकाच बापाची पोरं एकसारखी असणार नाही तर काय?"

मला तमिळ आता बरंच कळत होतं, आणि हे वाक्य पूर्ण कळलं. एकाच बापाची मुलं असतील तर ते अक्षर कन्नी जातीचं नव्हतंच. ते एका बोकडाचं होतं. त्या बोकडाची मुलं एकाच केंद्रात, एकाच दाण्यावर वाढली, म्हणून तब्येतीनं चांगली. त्यांचे शुक्रजंतू चपळ असण्याचा त्या अक्षराशी काही संबंध असेलच असं नव्हतं. आमचा सगळा निकाल त्या एकशिंग्या बोकडावर उभा होता.

जीपमध्ये मॅडम पुढे बसल्या होत्या. मागे न वळता त्या म्हणाल्या, "केंद्रांत रजिस्टर नव्हतं मणालीस."

मी म्हणाले, "होतं, मॅडम. कपाटात होतं. मी थांबले नाही."

त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. उतरून त्या रस्त्याच्या कडेला एका वेड्या बाभळीखाली उभ्या राहिल्या. ऊन कडक होतं आणि त्या झाडाला सावली म्हणावी अशी नव्हतीच. मी गाडीतच बसून राहिले. मला वाटत होतं, आता त्या ओरडतील. त्या परत आल्या, दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी वळवा. केंद्रावर जायचं आहे."

कारकुनानं कपाट उघडून रजिस्टर काढून द्यायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मॅडमनी माझ्यापुढे कोऱ्या पिवळ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. "एकेक बोकड बघ. बाप लिही." मी रजिस्टरमधून कानातल्या बिल्ल्याचा नंबर शोधत होते आणि बापाच्या रकान्यात नंबर लिहीत होते. तोच नंबर, पुन्हा तोच. मधे एखाद-दुसरा वेगळा यायचा, मग पुन्हा तोच. डोळे भरून आल्यामुळे एक आकडा चुकला, तो मी खोडला. "थांबूं नोको," मॅडम म्हणाल्या. "अस्के लिही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला लिहिणं सोपं गेलं असतं.

त्यानंतर चेन्नईत आम्ही सगळं हिशेबातून पुन्हा काढलं. त्या एका बापाची मुलं वगळली की निकालात काहीच उरत नव्हतं. मॅडम संचालकांकडे गेल्या तेव्हा मी सोबत होते. संचालक वाईट माणूस नव्हते. ते मॅडमना खरंच जपत होते.

"मॅडम, आठ महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय," ते म्हणाले. "निबंध मागे कशाला घ्यायचा? एक छोटं टिपण पाठवू. 'अधिक अभ्यासाची गरज आहे' एवढं लिहिलं की झालं. सगळे असंच करतात."

मॅडम म्हणाल्या, "सर, बोकड खच्ची झाले. अधिक अभ्यासाची गरज आहे, हे त्यांना कसं सांगू?"

संचालक टेबलावरची काच पुसत राहिले.

निबंध मागे घेण्याचं पत्र मॅडमनी स्वतः लिहिलं. मला त्यातलं एक वाक्य पाठ आहे. नमुन्यांची वंशावळ तपासण्याची जबाबदारी माझी होती आणि ती मी पार पाडली नाही, असं ते वाक्य. त्यात माझं नाव नव्हतं. मी पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मला जे वाटलं ते सांगायला आजही संकोच होतो. मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर लाज वाटली, पण ती नंतर.

"मॅडम, कागद मी भरले होते," मी कसंबसं म्हणाले.

"कागद तूं भरलास. सही माझी आहे. रकाना रिकामा होता आणि मीं डबा घेतला. तुझं लेकरूं आजारी होतं मणून मीं विचारलं नाहीं. विचारायचं काम माझं होतं." मग त्या फ्रीजरकडे वळल्या आणि दुसरंच काही बोलू लागल्या.

योजना थांबली. ज्या लोकांनी त्या योजनेवर मेहनत घेतली होती ते मॅडमशी बोलेनासे झाले. पुरस्काराच्या यादीतून नाव वगळलं गेलं. जेवणाच्या सुट्टीत ज्या टेबलावर त्यांच्याभोवती गर्दी असायची तिथे त्या आणि मी, दोघीच. त्या डब्यातल्या आंबटभाताचा एक वाटा माझ्या ताटात वाढत आणि बोकडांबद्दल बोलत. निवृत्तीचा समारंभ झाला तोही अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवूनच.

पण त्याआधी त्यांना एक काम करायचं होतं. पुन्हा एकदा आम्ही कोविलपट्टीला उतरलो, पेच्चियम्माळच्या वाडीत गेलो. तिनं बाज पुढे ओढली. मॅडम बाजेवर बसल्या नाहीत. ओसरीवर, तिच्यासमोर, खाली बसल्या. पेच्चियम्माळ बाभळीच्या शेंगा निवडत होती. शेळ्यांसाठी चांगल्या एका बाजूला, किडक्या दुसऱ्या बाजूला.

"आमचा निकाल चुकला," मॅडम तमिळमधून म्हणाल्या. "तुमचा बोकड चांगला होता. त्याला खच्ची करायचं काहीच कारण नव्हतं. मी चुकले. हे सांगायला आले आहे."

पेच्चियम्माळचे हात थांबले नाहीत. "मग आता काय करायचं म्हणता?"

"काही करता येत नाही. तेही सांगायला आले आहे."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. माझी जागा मॅडमच्या शेजारी होती, खाली, आणि मी भिंतीला टेकून उभी होते. एक किडकी शेंग बाजूला टाकत पेच्चियम्माळनं विचारलं, "एवढ्यासाठी मद्रासहून आलात?"

"होय."

मॅडमनी तिला केंद्रातून एक तरुण बोकड द्यायची व्यवस्था करते असं सांगितलं. तिनं मान झटकली. "केंद्राचा? तो एकशिंग्याचा नातू असणार. माझ्या कळपातल्या निम्म्या शेळ्या त्याच्याच रक्ताच्या. माझी मी बाहेरच्या गावाहून आणीन." मॅडम मान खाली घालून हसल्या. आनुवंशिकीच्या विभागप्रमुखांना त्या बाईनं एका वाक्यात धडा दिला होता, आणि तो त्यांना पटला होता.

निघताना तिनं आम्हाला कंजी, म्हणजे पातळ पेज दिली, सोबत मिरची. आणि मॅडमचा फोन नंबर मागून घेतला. "पुन्हा कोणी कागद घेऊन आलं तर आधी तुम्हाला विचारीन."

तिनं ते शब्दशः पाळलं. लसवाला आला तरी तिचा फोन येई. हळूहळू कागद नसतानाही फोन येऊ लागले. कुठली शेळी व्याली, कुठल्या करडाला हगवण लागली. मॅडम निवृत्त झाल्यावर पश्चिम मांबलमच्या त्यांच्या दोन खोल्यांत संध्याकाळी तो फोन वाजला की त्यांचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणत असे, आतून हाक मारत, "तुझी मैत्रीण गं!"

माझा प्रबंध पहिल्यापासून सुरू झाला. नवे कळप, नवे बोकड, एका बापाचा एकच मुलगा. उस्मानाबादीसाठी मी माझ्या गावाकडे गेले आणि वडिलांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या दारोदार हिंडले. दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत मॅडमचा संस्थेशी कागदोपत्री काही संबंध नव्हता. फाटकावर पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून त्या आत येत आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसून निकालांचे तक्ते तपासत. जिथे त्यांची केबिन होती तिथे दुसऱ्याचं नाव होतं. त्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

शेवटी आमच्या हाती आलं ते असं, की ते अक्षर दोन्ही जातींत आहे, कमीजास्त प्रमाणात आहे, आणि बोकडाच्या प्रजननक्षमतेशी त्याचा काहीही संबंध दिसत नाही. एवढ्या कष्टांनंतर 'काही नाही'. मी रडकुंडीला आले होते. मॅडमनी तक्ता दोनदा वाचला.

"बेश," त्या म्हणाल्या. "आता हें खरं आहे."

तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर असते. माझे नवे मार्गदर्शक मला आदल्या दिवशी समजावून गेले होते. पहिल्या निबंधाबद्दल विचारलं तर वंशावळीच्या नोंदी उपलब्ध नव्हत्या असं म्हणायचं, पुढे जायचं. मॅडम शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, दाराजवळच्या खुर्चीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला, "पहिल्या वेळी ही चूक झाली कशी? नोंदी नव्हत्या का?"

मी म्हणाले, "नोंदी होत्या, सर. नमुने मी घेतले होते. रजिस्टर कपाटात होतं, मी थांबले नाही. आणि परत आल्यावर मॅडमना मी खोटं सांगितलं."

परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी पाहिलं तर शेवटच्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

परीक्षा संपल्यावर त्या मला व्हरांड्यात सापडल्या. चष्मा पुसत होत्या.

"जेवलीस काय?" त्यांनी विचारलं.

मला ऑटोत घालून त्यांनी टी. नगरला नेलं. साड्यांच्या दुकानांमधल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, त्यांच्या ओळखीची एक मेस होती. खालून बसचे हॉर्न आणि फेरीवाल्यांच्या हाका येत होत्या. केळीच्या पानावर त्यांनी मला तीनदा रसम घ्यायला लावलं. दहीभातापर्यंत आल्यावर मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही माझ्यावर कधी रागावलाच नाहीत?"

"कोण मणालं? फार रागावलें होतें. दोन वर्षं." त्यांनी भात कालवला. "पण मीं तुझं नांव घेतलं असतं तर तें माझं बोलणं जालं असतं. तुझं तुलाच बोलायचं होतं. आज बोललीस. जेव आतां."

पुढच्या वर्षी त्या आजारी पडल्या. रक्ताचा कॅन्सर. फार थोडे महिने मिळाले. हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला दोनच कामं सांगितली. मामांना एकट्याला सांबार करता येत नाही, ते शिकव. आणि दुसरं, त्यांचा फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पेच्चियम्माळचा फोन आला तर उचल. मला आतां बोलवत नाहीं. पण तिला वाट बघायला लावूं नोको." मी रोज संध्याकाळी तिला सांगत असे, आज अम्मांनी थोडं खाल्लं, आज ताप होता. माझं मोडकंतोडकं तमिळ ती न हसता ऐकून घ्यायची. शेवटी एकच विचारायची, "दुखतंय का त्यांना?" मी नाही म्हणायची. तेवढं एक खोटं मी पुन्हा बोलले.

एका शनिवारी त्या गेल्या, पहाट उजाडल्यावर. मामा खुर्चीत बसले होते, त्यांच्या हातात मॅडमच्या बांगड्या होत्या. कोणाकोणाला कळवायचं ते मामांनी सांगितलं, मी एकेक फोन करत गेले. यादी संपल्यावर मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन मॅडमच्या फोनवरून पेच्चियम्माळला फोन लावला.

तिनं लगेच उचलला. मागे गडबड होती. शेळ्या ओरडत होत्या, कुठल्या तरी गाडीचं इंजिन चालू होतं.

"अम्मा कशा आहेत?"

"पोइट्टांग," मी म्हणाले. गेल्या. दुसरा शब्द मला सुचला नाही.

इंजिनाचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "आज बाजार आहे. गाडी दारात उभी आहे. चार बोकड चढवलेत."

मला वाटलं ती निघायच्या घाईत आहे. मी फोन ठेवणार होते. तेवढ्यात तिनं फोन तोंडापासून दूर धरला आणि आपल्या त्या घोगऱ्या आवाजात गाडीवाल्याला हाक मारली.

"उतरव रे. आज जायचं नाही."

गाडीवाला काहीतरी वाद घालत होता. ती परत तेच म्हणाली. इंजिन बंद झालं. मागची फळी खाली पडल्याचा आवाज आला, आणि तिच्यावरून खुरं वाजली. एक बोकड उतरला, मग दुसरा. चौथा उतरेपर्यंत मी जिन्यात फोन कानाला धरून उभी होते.